६४-बिट कर्नलच्या मेनूत आयएसए दिसतच नाही, जुनं कार्ड कसं चालवायचं?

स्प्रिंगवाला_भोसरी:
नमस्कार मंडळी. भोसरीत आमचं स्प्रिंगा बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. टेस्टिंग मशीनच्या लोडसेलचा (दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) सिग्नल अ‍ॅडव्हान्टेकच्या पीसीएल-८१२पीजी या डेटा घेणाऱ्या कार्डात येतो. कार्ड आयएसए (पीसीआयच्या आधीचा जुना स्लॉट), पत्ता हेक्स २२०. जुना पेंटियम बोर्ड पावसाळ्यात गेला म्हणून बाबांनी सेकंडहँड औद्योगिक बोर्ड आणला: कोअर टू ड्युओ, पीसीआय स्लॉट आणि शेवटी एकच लांबलचक काळा आयएसए.

जुन्या डिस्कवरची ३२-बिटची कॉन्फिग फाइल घेऊन लिनक्सचा ६.१ कर्नल (सिस्टिमचा गाभा) ६४-बिटमध्ये कंपाइल करतोय. मेन्यूकॉन्फिगमध्ये (कर्नलचे पर्याय निवडायच्या मेनूत) बस ऑप्शन्स उघडलं तर ‘आयएसए सपोर्ट’ ही ओळच नाही. ‘पीसीआय अ‍ॅक्सेस मोड’ (बायोस, एमएमकॉन्फिग, डायरेक्ट, एनी) तोही गायब. लिनक्सने आयएसए काढून टाकलं का? एलएसपीसीआयमध्ये (पीसीआय उपकरणांच्या यादीत) कार्ड येत नाही, आयटी८८८८ नावाचा एक पीसीआय-आयएसए ब्रिज तेवढा दिसतो.

नवंकोरं:
यूएसबीवालं डॅक (डेटा घेणारं) कार्ड घ्या आणि मोकळे व्हा. कशाला जुन्या मढ्याला पावडर लावताय?

ईप्रॉम_काका:
नवंकोरं, त्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर काय तू लिहून देणार आहेस का? असो.

स्प्रिंगवाले, आयएसए काढलेलं नाही. काढली ती एमसीए बस, आयबीएमच्या पीएस/२ कॉम्प्युटरमधली, कर्नल ३.५ मध्ये, २०१२ साली. आयएसएची ती ओळ एक्स८६ च्या कॉन्फिगमध्ये ‘३२-बिट असेल तरच’ या अटीच्या आत आहे. ६४-बिट मशीनला आयएसए स्लॉट असणारच नाही, असं धरून चाललेत. तुझ्यासारखे औद्योगिक बोर्ड त्या हिशेबात नाहीत.

अ‍ॅक्सेस मोडचंही तेच. काही जुन्या बोर्डांचं बायोस पीसीआयबद्दल विचारलं की मशीनच लटकवायचं, म्हणून ३२-बिटमध्ये तो चॉइस ठेवलाय. ६४-बिट कर्नल त्या कामासाठी बायोसच्या दारात जातच नाही. सीएफ८ आणि सीएफसी या पोर्टांवरून थेट वाचतो, नाहीतर एमएमकॉन्फिगने, म्हणजे मेमरीच्या पत्त्यांवरून. एमएमकॉन्फिग चालूच ठेव. ते नसेल तर पीसीआय एक्सप्रेस उपकरणाच्या ४०९६ बाइटच्या कॉन्फिग जागेतले पहिले २५६ च हाती लागतात. आणि खुद्द पीसीआय सपोर्ट ५.० पासून बस ऑप्शन्समधून उठून डिव्हाइस ड्रायव्हर्सखाली गेलाय, तो तिथे शोध.

आता मुद्द्याचं. तुझ्या कार्डाला ती आयएसएची ओळ लागतच नाही! साउंड ब्लास्टर असतं तर मी म्हटलं असतं, गुपचूप ३२-बिट कर्नल बांध, कारण आवाजाचे आयएसए ड्रायव्हर त्या ओळीला बांधलेत. पीसीएल-८१२ चा ड्रायव्हर कॉमेडीमध्ये (डेटा घेणाऱ्या कार्डांच्या ड्रायव्हरांच्या संचात) आहे, आणि कॉमेडी ५.१३ मध्ये स्टेजिंगमधून, म्हणजे कच्च्या ड्रायव्हरांच्या जागेतून, बाहेर आलं. डिव्हाइस ड्रायव्हर्समध्ये डेटा अ‍ॅक्विझिशन, त्यात आयएसए आणि पीसी/१०४ ड्रायव्हर्स, त्यात पीसीएल-८१२. मॉड्यूल (लागेल तेव्हा लोड होणारा भाग) म्हणून घे.

कंपाइल लवकर व्हावं म्हणून लोकलमॉडकॉन्फिग मारू नकोस. ते फक्त त्या घडीला लोड असलेली मॉड्यूल्स ठेवतं. आयएसए कार्ड स्वतःहून ‘मी आहे’ म्हणत नाही, त्यामुळे त्याचा ड्रायव्हर आपोआप लोड झालेला नसतो, आणि नेमका तोच छाटला जातो.

स्प्रिंगवाला_भोसरी:
काका, मनापासून धन्यवाद. मॉड्यूल झालं, लोडही होतंय. पण कॉमेडी_कॉन्फिग ही कमांड दिली तर म्हणतं, डेव्हखाली कॉमेडी० ही फाइलच नाही. शिवाय आयआरक्यू (इंटरप्ट लाइन) आणि डीएमए (डेटा थेट मेमरीत टाकायचा मार्ग) काय द्यायचे?

ईप्रॉम_काका:
पीसीआय कार्डांसाठी ती फाइल आपोआप बनते, आयएसएसाठी आधी जागा राखावी लागते. कॉमेडी मॉड्यूल लोड करताना ‘कॉमेडी_नम_लेगसी_मायनर्स’ ला १ दे (नाव अर्थातच इंग्रजीत). काही दिलं नाही तर ते शून्य असतं. मॉडप्रोब.डी या सेटिंगच्या फोल्डरातल्या फाइलमध्ये एका ओळीत लिहून टाक, म्हणजे बाबांनी सकाळी मशीन चालू केलं की तुला फोन येणार नाही.

आयआरक्यू, डीएमए दोन्ही सोड, नुसता पत्ता दे. कार्ड सेकंदाला ३०,००० नमुने घेऊ शकतं, पण स्प्रिंग दाबताना तुला त्यातलं काय लागतंय? पोलिंगवर, म्हणजे पुन्हापुन्हा विचारून वाचण्यावर, भागेल. पीसीआयमागच्या आयएसए ब्रिजवर डीएमए चालवायच्या भानगडीत मी तरी पडणार नाही.

स्प्रिंगवाला_भोसरी:
फाइल आली, कॉन्फिगही बिनतक्रार झालं. आयओपोर्ट्समध्ये (वापरातल्या पत्त्यांच्या यादीत) २२० समोर पीसीएल८१२ असं दिसतंय. पण व्हॅल्यू वाचायला गेलं की टाइमआउट. म्हणजे कार्डच गेलं का?

रात्रपाळी:
मध्येच बोलतो. त्या यादीत नाव दिसलं याचा अर्थ ड्रायव्हरने जागा धरली, एवढाच. स्लॉट रिकामा असता तरी तसंच दिसलं असतं, हा ड्रायव्हर जोडताना कार्ड आहे की नाही हे तपासत नाही. दोन गोष्टी बघ. कार्डावरचा डिप स्विच खरंच २२० वर आहे का, कागदावर विश्वास ठेवू नकोस. आणि बायोसमध्ये आयएसएसाठी आयओ रेंज द्यायची जागा आहे का. आमच्याकडच्या एका बोर्डावर ती डिसेबल्ड होती आणि ब्रिज पलीकडे काहीच सोडत नव्हता.

स्प्रिंगवाला_भोसरी:
रात्रपाळी, बरोब्बर! डिप स्विच ठीक होता, पण बायोसमध्ये चिपसेटच्या पानावर आयएसएची रेंज डिसेबल्ड होती. २०० पासूनची रेंज दिली आणि आकडे यायला लागले. लोडसेलवर हाताने दाबलं की आकडा चढतो, सोडलं की उतरतो. फक्त काही न ठेवताही थोडा हलत राहतो.

ईप्रॉम_काका:
लोडसेलच्या केबलची शील्ड एकाच टोकाला अर्थ केलीय ना, ते बघ. दोन्हीकडे असेल तर एक सोडव. आणि हो, आता ही कॉन्फिग फाइल जुन्या डिस्कवर नको, दुसरीकडे कुठेतरी ठेव.