लिनक्सवर स्केलिंग १५० टक्के केलं की अक्षरं धूसर दिसतात, पण दोष वेलँडचा नाही

रेघोटी: ‘४के पडद्यावर वेलँड म्हणजे धूसर अक्षरं, २०० टक्के ठेवा, नाहीतर एक्स११वर परत जा’ हा इथला कालचा सल्ला नवख्यांचं नुकसान करतो. (एक्स११ ही लिनक्समध्ये पडद्यावर खिडक्या दाखवण्याची जुनी पद्धत, वेलँड नवी. टक्के म्हणजे स्केलिंग, पडद्यावरचं सगळं किती मोठं करायचं ते.) २७ इंची ४केवर २०० टक्के केलं की जागा उरते १९२०×१०८० एवढीच. आधी धूसर खिडकी कोणाची ते बघा. एक्सआईज हा कर्सरकडे बघणाऱ्या डोळ्यांचा छोटा प्रोग्राम चालवा. कर्सर त्या खिडकीवर फिरवताना डोळे हलले, तर ॲप एक्सवेलँडमधून, म्हणजे वेलँडवर एक्स११ ॲप्स चालवणाऱ्या थरातून येतंय. केडीईच्या प्लाझ्मा डेस्कटॉपमध्ये ५.२६पासून जुन्या एक्स११ ॲप्सना स्वतःच स्केल करू देण्याचा पर्याय डिस्प्ले सेटिंगमध्येच आहे. इलेक्ट्रॉनच्या (वेब तंत्रावरच्या) जुन्या आवृत्तीवर बनलेलं ॲप असेल तर ते सुरू करताना ओझोन-प्लॅटफॉर्म-हिंट या पर्यायाला वेलँड द्या.

जुनाखांब: सल्ला माझा, आणि मी तो मागे घेत नाही. एकच मॉनिटर असेल तर एक्सरिसोर्सेस या एक्स११च्या सेटिंग फाइलमध्ये एक्सएफटी डीपीआय (अक्षरांचा आकार ठरवणारा आकडा) १४४ लिहा, लॉगआउट करून परत या, संपलं. जीटीके३ला (ॲपच्या खिडक्या-बटणं रंगवणारी लायब्ररी) अपूर्णांक पट कळतच नाही. १५० टक्क्यांवर ते दुपटीने, म्हणजे ५१२०×२८८० रंगवतं आणि कंपोझिटर (सगळ्या खिडक्या एकत्र करून पडद्यावर मांडणारा प्रोग्राम) ते ३८४०×२१६०मध्ये कोंबतो. पावणेदोन पट पिक्सेल रंगवून वर धूसरच!

रेघोटी: जीटीके३पुरतं नाइलाजाने मान्य. पण १४४ने तिथे फक्त अक्षरं वाढतात, आयकॉन तेवढेच राहतात, हे का लिहिलं नाहीत? नोम डेस्कटॉप तर तुमचा आकडा खोडूनच टाकतं. तिथे टेक्स्ट-स्केलिंग-फॅक्टर १.५ करावा लागतो. आणि शेजारी २४ इंची १०८०पी लावला की त्यावर अक्षरं अवाढव्य, कारण एक्स११मध्ये हा आकडा सगळ्या पडद्यांना एकच.

शिरोरेषा: दोघंही रोमन अक्षरांपुरतंच भांडताय. मराठी मजकुरात आधी बिघडते ती शिरोरेषा. आडवी रेघ दोन पिक्सेल-ओळींच्या मध्ये पडली की करडी दिसते. हिंटिंग (अक्षरांच्या रेघा पिक्सेलांवर बसवणं) ‘स्लाइट’ ठेवा. फ्रीटाइप ही अक्षरं रंगवणारी लायब्ररी, तो ती उभ्या दिशेने ओळीवर बसवतो.

जुनाखांब: अहो, मी तेच सांगतोय! बसवलेली रेघ पाऊणपट आकसली की पुन्हा मधेच येते.

शिरोरेषा: जीटीके३मध्ये, हो. क्यूटी६ (जीटीकेसारखीच दुसरी लायब्ररी) आणि ४.१४पासूनचं जीटीके४ थेट दीडपटीनेच रंगवतात, तिथे आकसण्याचा प्रश्नच नाही. टर्मिनलमध्ये वेलांटी-रफार कापले जातात त्याचं खापरही स्केलिंगवर फोडू नका. तिथे प्रत्येक अक्षराला मिळणाऱ्या चौकटीची उंची रोमन फॉन्टवरून ठरते. नोम टर्मिनलच्या प्रोफाइलमध्ये सेल स्पेसिंगची उंची १.२ करून बघा. मराठीला कुठला फॉन्ट लागतोय ते एफसी-मॅच या कमांडला एमआर (मराठी) भाषा देऊन कळेल.

रेघोटी: धागा फॉन्टवर गेला, पण हे उपयोगी आहे.

जुनाखांब: क्यूटी६ वेलँडवर नीट दिसतं, एवढं कबूल. ज्याचं रोजचं काम जीटीके३च्या ॲपमध्ये आहे आणि मॉनिटर एकच आहे, त्याला मात्र मी अजूनही एक्स११च सांगेन.