दोन पोलादांच्या पात्यावर नक्षी डागाळलेली का उमटते?

प्रश्न
सप्रेम नमस्कार. १०८४ आणि १५एन२० या दोन पोलादांच्या पट्ट्या एकावर एक रचून, भट्टीत तापवून व घणाने जोडून मी स्वयंपाकघरातील सुरीचे पाते घडवले. तेलात विझवून पाणी दिल्यावर, म्हणजे कडक केल्यावर, ते ओव्हनमध्ये २०० अंशांवर उतरवले, म्हणजे ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा तापवले, फक्त धारेची बाजू नव्याने घासली आणि नक्षी उमटावी म्हणून अर्धा तास फेरिक क्लोराइड या पोलाद खाणाऱ्या द्रावणात बुडवले. धारेकडे थर स्पष्ट दिसतात, परंतु पाठीकडे व मुठीजवळ राखाडी, ढगाळ डाग आहेत आणि तेथील काळा रंग बोटांना लागतो. याचे कारण काय असावे? शिवाय पाठीला आच देऊन निळी झाक आणता येईल का?

प्रतिसाद १
आपण दिलेल्या वर्णनातच उत्तर आहे. पाणी देण्याआधी पाते तापलेले असताना हवेशी संपर्क येऊन पृष्ठभागातील कार्बन जळून जातो, आणि कार्बन गमावलेला तो पातळ थर फेरिक क्लोराइडमध्ये नीट काळा होत नाही. धारेकडे आपण तो घासून काढला, म्हणून तेथे नक्षी स्वच्छ उमटली; पाठीकडे तो तसाच राहिला आहे. तेव्हा संपूर्ण पाते पुन्हा १२० पासून ६०० क्रमांकापर्यंतच्या पॉलिश पेपरने, प्रत्येक टप्प्यावर आधीचे ओरखडे पूर्ण नाहीसे होईपर्यंत घासावे, ॲसिटोनने पुसावे आणि त्यानंतर उघड्या बोटांनी अजिबात हाताळू नये, कारण बोटांचे तेल लागेल तेथे द्रव नीट काम करत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सर्किट बोर्डासाठी मिळणारे फेरिक क्लोराइडचे द्रावण तिप्पट किंवा चौपट पाण्यात मिसळावे. एकदम अर्धा तास न ठेवता दहा-दहा मिनिटे बुडवून, दरवेळी सुटलेली काजळी बारीक पेपरने पुसावी. १५एन२० मध्ये सुमारे २ टक्के निकेल असल्याने ते चकचकीत राहते आणि १०८४ काळे पडते. नक्षीचे सारे सौंदर्य या फरकावर उभे आहे, म्हणून घाई करू नये. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, धुऊन, कोरडे करून तेल लावावे. भांडे प्लास्टिकचे असावे, हातमोजे व चष्मा घालावा आणि उरलेला द्रव मोरीत ओतू नये.

प्रतिसाद २
निळी झाक येते, परंतु स्वयंपाकाच्या सुरीसाठी ती मी सुचवणार नाही. हा रंग म्हणजे पृष्ठभागावर तयार झालेल्या ऑक्साइडच्या पातळ थराचा प्रकाशाशी होणारा खेळ आहे; सुमारे २२० अंशांना फिकट पिवळा, पुढे तपकिरी, जांभळा आणि ३०० च्या आसपास निळा. आपण पाते २०० अंशांवर उतरवले आहे, त्यामुळे ही उष्णता धारेपर्यंत पोहोचल्यास धार मऊ पडेल. शिवाय लिंबू, कोकम किंवा चिंच लागली की हा रंग लवकर जातो.

प्रतिसाद ३
टिकाऊ सजावट हवी असल्यास उदयपूरची कोफ्तगिरी जरूर पाहावी. तेथील कारागीर पोलादावर छिन्नीने बारीक आडव्या-उभ्या रेघा मारून त्यांत सोन्याची वा चांदीची तार ठोकून बसवतात आणि नंतर अकीक या गुळगुळीत दगडाने घोटतात. पाणी दिलेल्या पोलादात छिन्नी सहज रुतत नाही, म्हणून आपल्या या पात्यावर हे काम करू नये. मुठीच्या मऊ पोलादी कडीवर मात्र करता येईल.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. पाते ६०० पर्यंत घासून चार वेळा दहा-दहा मिनिटे बुडवले आणि मुठीजवळचे थरही आता स्वच्छ दिसत आहेत. निळ्या झाकेचा विचार सोडला आहे. कडी मात्र वेगळी घडवायला घेतली आहे.