इलेक्ट्रिशियनला तोटा कसला म्हणे!

खानापूरचा वायरमन:
काल इथंच एकानं टाकलंय, "इलेक्ट्रिशियनला तोटा कसला, पाच मिनिटांत पंख्याचा कपॅसिटर बदलला की तीनशे खिशात, ना ऑफिस ना साहेब." डोक्यातून जाईना म्हणून लिहायलोय. एकोणीस वर्षं झाली मला या कामात. त्या पाच मिनिटांसाठी मी जुलैच्या पावसात नंदगडपर्यंत गाडी मारत गेलेला असतो, भिंत ओली, पाय ओले, मीटर बोर्डात मुंग्यांचं वारूळ. गेल्या साली एका घरात स्विच पाडला, फेजला, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरला, टेस्टर लावून बघितला, काय नाही. न्यूट्रलचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरचा, जॉइंट सोडवला आणि कोपरापर्यंत करंट बसला, शिडीवरनं खालीच आलो. आधीच्यानं इन्व्हर्टरच्या ट्यूबलाईटला तोच न्यूट्रल दिलेला. जोडलेल्या न्यूट्रलवर टेस्टर पेटत नाही, तोडला की त्या ट्यूबमधनं फेज येऊन उभा राहतो. दुसऱ्याची चूक आणि हात माझा. वर मालक म्हणतोय, पडलास तर बल्ब का फोडलास!

उद्यमबाग शिफ्टवाला:
दादा, वाईट वाटलं, पण हातमोजे नव्हते ही चूक तुमचीच की. फाउंड्रीत भट्टीसमोर आठ तास उभं राहून बघा एकदा, वर ओव्हरटाईम, वर सुपरवायझरच्या शिव्या. तुम्हाला नको वाटलं तर फोन उचलायचा नाही, आम्हाला ती सोय नाही.

शहापूरची वहिनी:
फोन उचलला नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडं जातंय भाऊ, ती सोय नव्हं. आमचे हे घरी येतात तेव्हा कटरची धूळ भुवयांत बसलेली असते. दिवसभर भिंती कापायच्या, मग गुडघ्यावर बसून पाईप टाकायचे. चाळिशीत जिना चढताना कठडा धरायलेत. आणि उधारी? कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत महिन्याला 200 युनिटपर्यंत वीज फुकट झाल्यापासून लोकांना वायरमनबी फुकटच वाटतो.

सीमावासी:
खरा त्रास वेगळाच हाय. वीज कंपनीत मीटरचा लोड वाढवायचा अर्ज मी मराठीत दिला तर परत केला, कन्नडात लिहून आणा म्हणे. दोन फेऱ्या आणि दिवसाची मजुरी गेली.

उद्यमबाग शिफ्टवाला:
होय, पण तो विषय सगळ्यांचाच हाय, इलेक्ट्रिशियनचा एकट्याचा नाही. इथं नको.

मंडळाचा कार्यकर्ता:
सगळं पैशातच मोजता राव. टिळकांनी 1905 ला बेळगावात सार्वजनिक गणपती सुरू केला तेव्हापासून ही सेवा हाय. आमच्या मंडळाचा वायरमन अकरा दिवस लाईट सांभाळतो, एक पैसा घेत नाही.

खानापूरचा वायरमन:
घेत नाही की तुम्ही देत नाही? मूर्तिकाराला फुकट सांगता? डॉल्बीवाल्याला सांगता? त्यांना अॅडव्हान्स, आणि आम्हाला "आपलाच पोरगा हाय, करील की". एका मंडपात लोखंडी पाईपला करंट उतरलेला मी बघितलाय, पावसात वायरचं इन्सुलेशन खिळ्यानं कापलेलं. शेजारी पोरं आरतीला उभी. 30 मिलिअॅम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच लाईन तोडणारा स्विच, लावू म्हटलं तर उत्तर आलं, एमसीबी हाय की. अरे, 16 अॅम्पियरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणूस चिकटला तर तो पडत नाही! मिरवणुकीत वरच्या वायरी बांबूनं उचलायच्या, कपिलेश्वर तलावापर्यंत, रात्र आणि दुसरा दिवस. तेबी आमचीच पोरं.

मंडळाचा कार्यकर्ता:
तोंड सांभाळून बोला. उत्सवाला नावं ठेवायचं काम नाही. आम्ही पोरांना फुकट राबवतो काय?

शहापूरची वहिनी:
उत्सवाला कुणी नाव ठेवलं नाही. यांना दोन वर्षांपूर्वी मंडपात करंट बसला, तेव्हा दवाखान्याचं बिल मी माझ्या भिशीतनं भरलंय. मंडळातनं नारळ आणि प्रसाद आला. तेवढंच.

उद्यमबाग शिफ्टवाला:
हे मला माहीत नव्हतं वहिनी. आम्हाला निदान ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, तरी हाय. हातमोज्याचं बोललो ते राहूदे.

मंडळाचा कार्यकर्ता:
बरं. यंदा आरसीसीबी बसवू, मजुरीबी देऊ, मी मीटिंगमध्ये मांडतो. पण "तुम्ही देत नाही" हे मागं घ्या.

खानापूरचा वायरमन:
मजुरी हातात पडूदे, मग घेतो. आणि अर्थिंगचा खड्डा मंडप घालायच्या आधी मारून ठेवा, मागच्या वेळेसारखं पाण्याच्या नळाला वायर गुंडाळू नका.