अलास्कातलं तेल की कॅरिबूंची विण्याची जागा?

टुंड्रावेडी
अलास्काच्या ईशान्य टोकाला आर्क्टिक वन्यजीव अभयारण्य आहे. त्यातल्या १५ लाख एकर किनारपट्टीवर अमेरिकेच्या संसदेच्या परवानगीशिवाय तेल काढायचं नाही, असं १९८० च्या कायद्यानं ठरलं होतं. २०१७ मध्ये संसदेनं ती परवानगी दिली. माझा ठाम विरोध आहे. पॉर्क्युपाइन नावाच्या कळपातल्या कॅरिबू (रेनडिअर जातीच्या हरणांच्या) माद्या जूनच्या सुरुवातीला तिथंच वितात. डोंगराच्या मानानं तिथं लांडगे कमी, आणि समुद्रावरच्या वाऱ्यामुळे डासही कमी. पाडसाला यापेक्षा बरी जागा नाही.

मुक्काम फेअरबँक्स
आणि माणसं? त्याच किनाऱ्यावर काक्तोविक हे इन्युपियाट या मूळनिवासी लोकांचं जेमतेम अडीचशे वस्तीचं गाव आहे. तिथली शाळा, दवाखाना, नळाचं पाणी हे सगळं प्रामुख्यानं प्रूडो बे या पश्चिमेकडच्या जुन्या तेलक्षेत्रातल्या धंद्यावरच्या करातून आलंय. गावातले बरेच जण तेल काढा म्हणतात. त्यांना लांबून 'निसर्ग जपा' सांगणं मला पटत नाही. शिवाय तेल सुरू झाल्यावर प्रूडो बेजवळचा कॅरिबूंचा कळप कितीतरी पटींनी वाढला, हेही सांगा ना.

टुंड्रावेडी
वाढला, खरंय. पण २०१० नंतर सहा वर्षांत तोच कळप ७० हजारांच्या आसपासून २२ हजारांवर आला. ते तेलामुळेच झालं असं मी म्हणत नाही. वाढीचं श्रेयही मग तेलाला देऊ नका. मुख्य फरक जागेचा आहे. प्रूडो बेला मैदान ऐसपैस आहे. इथं ब्रूक्स पर्वत आणि समुद्र यांच्यामध्ये चिंचोळी पट्टी उरते. पाडसवाली मादी रस्त्यापासून चार-पाच किलोमीटर लांब राहते. इथं ती लांब जाणार कुठं? आणि दक्षिणेकडचे ग्विचिन हे मूळनिवासी लोक याच कळपावर जगतात. 'जिथं जीवन सुरू होतं ती पवित्र जागा' म्हणतात ते या पट्टीला. तीही माणसंच आहेत.

हिशेबनीस
पैशाचंही बघा. जानेवारी २०२१ मध्ये इथल्या तेल काढण्याच्या हक्कांच्या लिलावात जेमतेम १ कोटी ४४ लाख डॉलरच्या बोली आल्या, त्याही बहुतेक अलास्का राज्याच्याच महामंडळाच्या. जानेवारी २०२५ ला एकही बोली आली नाही. कोणी बडी तेल कंपनी फिरकलीच नाही.

मुक्काम फेअरबँक्स
दर चार वर्षांनी धोरण उलटतं, मग कोण पैसा गुंतवेल? आणि आता काम पूर्वीसारखं होत नाही. इथं फेअरबँक्स शहराजवळच मी प्रूडो बेचं तेल नेणाऱ्या पाइपलाइनखाली उभा राहिलोय. गोठलेली जमीन वितळू नये म्हणून नळ खांबांवर उचललाय, खांबांच्या डोक्यावर उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या आहेत. १९७७ ची करामत आहे ही. तेव्हा हे जमलं, तर आज आणखी जमेल.

टुंड्रावेडी
नळ उचलता येतो हो, गाड्या नाही. १९८४ आणि १९८५ च्या हिवाळ्यांत याच पट्टीवर तेल शोधायला जमिनीत कंपनं सोडून तपासणी झाली. गाड्या बर्फावरूनच गेल्या होत्या, एकही विहीर खणली नव्हती त्यांनी. कित्येक दशकांनंतरही विमानातून त्यांच्या चाकोऱ्या दिसत होत्या. काक्तोविकला नळाचं पाणी हवंच, त्याचा खर्च सरकारनं दुसरीकडून करावा.

मुक्काम फेअरबँक्स
दुसरीकडून म्हणजे कुठून? ते सांगा, मग मी तेलाचा आग्रह सोडतो.