प्रतिसाद: नुसतं दिवास्वप्न नाहीये ते
वर कुणीतरी म्हटलंय की आपल्याच भविष्याची गोष्ट लिहायची म्हणजे दिवास्वप्नं बघणंच की. मला नाही पटलं. लॉरा किंग या मानसशास्त्रज्ञ बाईंचा २००१ चा अभ्यास आहे, कॉलेजच्या मुलांना सलग ४ दिवस रोज २० मिनिटं लिहायला सांगितलं की सगळं मनासारखं झालं तर तुमचं आयुष्य कसं असेल, आणि ५ महिन्यांनी बघितलं तर साध्यासुध्या विषयावर लिहिणाऱ्यांपेक्षा या मुलांचं आजारपण कमी निघालं.

पण गोष्टीत अडचण हवीच. गॅब्रिएल ओटिंगेन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी दाखवलंय की नुसती गोड चित्रं रंगवणारे प्रत्यक्षात कमी हातपाय हलवतात. त्यामुळे मोठ्या दुखण्यातून उठणाऱ्याला मी सांगेन, 'मी ठणठणीत झालो' एवढंच नका लिहू, जिना चढताना दम लागला, कठड्याला टेकून थांबलो, कुणाला हाक मारली, मग परत चढलो, सगळं बारीकसारीक लिहा. आठवणी आणि पुढची कल्पना, दोन्हीसाठी मेंदू बऱ्याच अंशी तेच भाग वापरतो, म्हणून आधी कशातून कसे निभावलो तेही आठवून त्यात घाला. आणि जो फार खचलाय त्याला १० वर्षांनंतरचं विचारूच नका हो, पुढच्या आठवड्याचं विचारा.