लॉनवर करवंटीचा कोळसा: चाचणी कशी करायची?

डिचोलीवाला
घर बांधल्यावर अंगणात चिऱ्यांच्या खाणीवरची तांबडी माती भरली, वर मेक्सिकन ग्रास. पावसात छान दिसतं, नाताळ जवळ आला की जागोजागी पिवळं. ओळखीचा नर्सरीवाला करवंटीचा कोळसा, म्हणजे बायोचार, फुकट देतोय. अट एकच, आधीचा आणि नंतरचा फोटो पाठवायचा. मे संपतोय, आत्ताच टाकू का? बायकोला तांबड्या भाजीच्या वाफ्यातही हवाय.

कुळागरवाली, प्रियोळ
आत्ता टाकून चवथीला फोटो काढलात तर तुमचे पायरीचे चिरेसुद्धा हिरवे दिसतील! आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. श्रेय कोळशाला कसलं देताय?

सारखं ऊन लागणाऱ्या जागेत मीटरभर रुंदीचे पट्टे आखा, जोडीजोडीने, निदान तीन जोड्या. प्रत्येक जोडीत कोळसा कुठे ते नाणं उडवून ठरवा, नाहीतर हात आपसूक चांगल्या कोपऱ्याकडे वळतो. चौरस मीटरला किलोभर पुरे. बारीक कुटून आधी शेणकाल्यात भिजवा, मग बागेच्या काट्याने गवतात भोकं पाडून त्यात घाला. कोरडा, नुसता घातला तर सुरुवातीला मातीतलं नत्र तोच धरून बसतो.

आणि आता खरी मेख. तेवढाच शेणकाला कोऱ्या पट्ट्यांनाही द्या, काट्याने भोकंही तितकीच पाडा. नाहीतर काम शेणाचं आणि नाव कोळशाचं. नर्सरीवाले हे कधी सांगत नाहीत.

गवत कापाल तेव्हा प्रत्येक पट्ट्याचं वेगळं वजन करा. पण खरा निकाल डिसेंबरनंतर. सगळ्यांना पाणी सारखंच कमी करा आणि आधी कुठला पट्टा पिवळा पडतो ते बघा.

मडगावकर
वरच्या प्रतिसादात एक भर. आपली जांभ्याची माती आंबट, त्यातलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम स्फुरद अडकवून ठेवतं. कोळशातल्या राखेने आंबटपणा थोडा उतरतो, तेवढ्यानेही गवत सुधारू शकतं. मग प्रत्येक जोडीला तिसरा पट्टा जोडा, त्यात शेणकाल्याबरोबर नुसता डोलोमाइट, म्हणजे आंबटपणा उतरवणारी चुनखडीसारखी भुकटी. त्यानेच काम भागलं तर कोळसा विकत कशाला घ्यायचा? आज फुकट आहे, पुढच्या वर्षी नसेल. माती आधी तपासून घ्या, नमुना कसा न्यायचा ते विभागीय कृषी कार्यालयात सांगतील.

डिचोलीवाला
म्हणजे नऊ पट्टे? लॉन आहे की शाळेची वही! बरं, आखतो. भाजीचं काय?

कुळागरवाली, प्रियोळ
भाजीचा निकाल लॉनच्या आधी लागेल, महिन्याभरात उपटायला येते. पण जूनच्या पावसात कोवळी रोपं झोडपली जातात, चवथीनंतर पेरा. वाफे तुम्ही भरा, कोळसा मातीखाली झाका, आणि वजन करायला वहिनींना लावा. कुठल्या वाफ्यात काय ते त्यांना सांगू नका.

डिचोलीवाला
लपवणार कसं? भिजवायला पिंप तिनेच काढून ठेवलंय.

कुळागरवाली, प्रियोळ
मग वजनाला शेजारीण बोलवा. भाजीची एक जुडी द्या तिला, कुठल्याही वाफ्यातली. पण वजन झाल्यावर.