मदत हवी आहे: अक्षर नसलेली, थोर चित्रांची ओळख करून देणारी मुलांची पुस्तकं

नमस्कार मंडळी,

माझी लेक साडेचार वर्षांची आहे. तिच्यासाठी एकही अक्षर नसलेली, पण जगातल्या गाजलेल्या चित्रांची ओळख करून देणारी पुस्तकं शोधतेय. दोन मिळालीत. पुढे काय घ्यावं?

पहिलं मित्सुमासा आनो या जपानी चित्रकाराचं, १९७७ सालचं. इंग्रजीत 'आनोज जर्नी' नावाने मिळतं. एक माणूस होडीतून किनाऱ्याला लागतो, घोडा घेतो आणि युरोपातल्या गावांतून, शेतांतून जात राहतो. गोष्ट एवढीच. पण पानोपानी मुंगीएवढी माणसं आपापल्या कामात गुंतलेली, आणि त्यांच्यातच प्रसिद्ध चित्रांतली माणसं बेमालूम मिसळलेली. व्हॅन गॉगच्या चित्रातला उचलता पूल मला कितीतरी दिवसांनी सापडला.

पण पुस्तक खरं उघडलं ते सासूबाईंनी. त्या चौथी शिकलेल्या. नातीने इंग्रजी पुस्तक आणलं की "आई वाचेल हं" म्हणून बाजूला ठेवतात. यात वाचायचंच काही नाही म्हटल्यावर चष्मा लावून बसल्या. शेताच्या पानावर वाकलेल्या बायकांवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "अगं, ह्या सरवा वेचतायत!"

मी बघतच राहिले. फ्रेंच चित्रकार मिले याचं १८५७ सालचं चित्र ते, मूळ पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. 'ग्लीनर्स' हे इंग्रजी नाव मला पाठ होतं, पण कापणीनंतर शेतात सांडलेली कणसं वेचण्याला आपला शब्द आहे हे कधी मनातच आलं नव्हतं. मग मोबाइलवर मूळ चित्र मोठं करून दाखवलं. मागे धान्याच्या गंजी, आणि उजवीकडे पार लांब घोड्यावर एक माणूस. तो त्यांनीच शोधला. "हा राखणीला. पेंढीला हात लावायचा नाही, खाली सांडलेलं तेवढं आपलं." तेव्हापासून लेक पलंगाखाली वाकून शेंगदाणे वेचते आणि त्याला सरवाच म्हणते.

दुसरं पुस्तक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयावरचं, १९९८ सालचं. आजीबरोबर आलेल्या मुलीला फुगा बाहेर ठेवावा लागतो, तो सुटतो, आणि आत ती जी चित्रं बघते तसेच प्रसंग बाहेर रस्त्यावर घडत जातात. लेकीला हे जास्त आवडतं, फुग्यामुळे. मला आनोचं.

आता अडलंय ते असं. याच धर्तीची आणखी पुस्तकं कुणी मुलांना दाखवली आहेत का? आणि आपली चित्रं, म्हणजे अजिंठा, लघुचित्रं, रविवर्मा, घेऊन केलेलं बिनशब्दांचं पुस्तक कुणाच्या पाहण्यात आहे का? मराठी, हिंदी, बंगाली, काहीही चालेल, भाषेचा प्रश्नच नाही.

आणखी एक. नवरा म्हणतो, मूळ चित्र आणि चित्रकाराचं नाव आधी सांगावं, म्हणजे ती पुस्तकात शोधेल. मला वाटतं आधी तिला हवं ते दिसू द्यावं, नाव मागाहून. सासूबाईंना तरी मिले कुठे माहीत होता? पण चित्रकला शिकवणाऱ्यांचा अनुभव काय, ते वाचायला आवडेल.

दिवाळीच्या सुट्टीत तिला साताऱ्याजवळच्या औंधला, भवानी संग्रहालयात न्यायचं ठरवतोय. तिथे रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. इतक्या लहान मुलांना घेऊन कुणी गेलं असेल, तर कुठल्या चित्रापाशी मूल थांबलं तेवढं नक्की लिहा.